तांबट आणि अण्णांचा आवाज

आमच्या घरात कोणीच हळू बोलत नसे. वडिलांना ऐकू कमी यायचं, म्हणून आम्ही ओरडून बोलायचो, आणि आम्ही ओरडतो म्हणून तेही ओरडत. समोरच्या इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिले आठ दिवस त्यांच्या खिडक्या आमच्या बाजूने सताड उघड्या असत. मग, ही माणसं भांडत नाहीत, दोडका करायचा की गवार एवढंच ठरवताहेत, हे लक्षात आलं की त्या बंद होत. 

वडिलांना मी अण्णा म्हणायचे. अण्णा तांबट होते. कसब्यातल्या तांबट आळीत जन्म काढून त्यांनी तांब्याची भांडी घडवली. बंब, घंगाळी, हंडे, आणि शेवटी शेवटी गिऱ्हाइकांना हवेत म्हणून पाण्याचे जग आणि दिव्यांच्या टोप्या. तयार भांड्यावर हातोडीने सारखे ठोके मारून चमकदार ठिपक्यांच्या ओळी उठवतात, त्याला मठार म्हणतात. अण्णांचा त्यात हातखंडा होता. ठिपक्यांमधलं अंतर सारखं यायला हवं तर ठोक्यांमधला वेळ सारखा हवा, असं त्यांचं साधं गणित. "नजरेने मठार करणारा दुपारी थकतो. कानाने करणारा संध्याकाळपर्यंत बसतो," असं ते सांगत. त्याच कामाने त्यांचे कान खाल्ले. आळीतल्या बहुतेक म्हाताऱ्यांचे खाल्ले होते. तिथे कोणाला बोलवायचं तर हाक मारत नसत, खांद्यावर हात ठेवत.

फोनवर अण्णांना काहीच कळत नसे. व्हिडिओ कॉल लावून दिला तर ते समोरच्याचं तोंड हलताना बघत, हात हलवत आणि मोबाइल माझ्या हातात देत. बोलून पाठवायचे निरोप वगैरे त्यांनी आयुष्यात कधी पाठवले नाहीत. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

मी पक्ष्यांच्या आवाजातल्या लयीचा अभ्यास करते. आई होती तोवर ती नातेवाइकांना "कॉलेजात शिकवते" एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं आणि पुढचे प्रश्न वाचत. पक्षी काय बोलतो हे मला कळत नाही, आणि आपल्याला कळतं असं सांगणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहते. मी फक्त तो केव्हा बोलतो ते मोजते. एक पक्षी ओरडला, थांबला, शेजारच्या झाडावरून दुसरा ओरडला. मध्ये किती वेळ गेला? दुसऱ्याने पहिल्याचं संपायची वाट पाहिली, की मध्येच तोंड घातलं? असे हजारो ठोके मोजायचे, तक्त्यात भरायचे, आणि वर्षाच्या शेवटी एखादं वाक्य छातीठोकपणे लिहिता आलं तर नशीब. दोन जीव एकमेकांशी बोलताहेत असं म्हणायला मला एकच पुरावा चालतो. एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायला हवं. वर्गात मी हे दरवर्षी सांगते, आणि सांगताना मुलांनी मध्ये बोललेलं मला खपत नाही.

माझा पक्षी म्हणजे तांबट. मुठीत मावेल एवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. उंच फांदीच्या शेंड्यावर बसून तो टुक, टुक, टुक असं मिनिटंच्या मिनिटं करत राहतो, तांब्यावर हातोडी पडावी तसं, म्हणून त्याचंही नाव तांबट. तांबटाच्या मुलीने तांबट पक्षी निवडला हे ऐकून लोकांचे डोळे पाणावतात. मी हळवी वगैरे होऊन काही निवडलेलं नाही. आमच्या विश्रांतवाडीच्या गॅलरीसमोर एक उंबर आहे, त्यावर तांबटांची जोडी होती, आणि भल्या सकाळी कात्रजच्या डोंगरापर्यंत स्कूटर हाणायचा मला कंटाळा आला होता. एवढंच.

आई गेल्यावर अण्णांनी आळीतला कारखाना बंद केला आणि ते माझ्याकडे राहायला आले. धाकटा भाऊ हिंजवडीला नोकरीला, तिकडेच त्याचा संसार. तो म्हणाला, "आमच्याकडे या की." अण्णा म्हणाले, "तुझ्याकडे यायला निघालो तर वाटेतच वर्षश्राद्ध येईल." ट्रॅफिकवरचा हा विनोद त्यांनी नंतर इतक्या वेळा केला की भावाने हसणं सोडलं. येताना अण्णांनी कपड्यांची पिशवी, एक हातोडी आणि अर्धवट मठार केलेलं एक घंगाळ आणलं. पुरं करीन म्हणाले.

पहिल्याच सकाळी मी गॅलरीत माइक लावून बसले होते. अण्णा चहाचा कप घेऊन आले आणि उभे राहिले. मग मान वाकडी करून म्हणाले, "आहे का हा अजून? आळीत पिंपळावर बसायचा. मला वाटलं, पुण्यातून गेला."

पक्षी कुठे गेला नव्हता. आळीत आठ-दहा हातोड्यांच्या गोंगाटात त्याचा टुकटुकाट बुडून गेला असणार. बारीक आवाजाचे पक्षी अण्णांना कधीचेच ऐकू येईनासे झाले होते. चिमण्या, शिंजीर, शिंपी हे त्यांच्या लेखी नुसते हलणारे होते. तांबटाचा आवाज मात्र खालच्या पट्टीतला, ठाम. त्याला त्यांच्या कानात शिरायला अजून वाट शिल्लक होती. त्या दिवसापासून ते रोज माझ्या आधी गॅलरीत हजर असत, आणि मला उशीर झाला की घड्याळाकडे बघत.

रेकॉर्डिंग सुरू करताना ठिकाण, वेळ आणि पक्षी तोंडाने सांगायची पद्धत असते. नंतर फायलींची सरमिसळ होऊ नये म्हणून. हे काम अण्णांनी माझ्याकडून काढून घेतलं. खाकरून, आकाशवाणीवर बसल्यासारखे ते सुरू करत: "विश्रांतवाडी. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. तांबट एक, उंबरावर. दुसरा अजून आलेला नाही. आमच्या कन्येचा चहा झालेला नाही, तरी पुढे जो काही आरडाओरडा ऐकू येईल तो पक्ष्याचा समजू नये." मी खुणेनं गप्प करायचे. ते तोंडावर बोट ठेवून बसत आणि दोन मिनिटांनी पुन्हा काहीतरी बोलत.

एकदा तर त्यांनी कहर केला. तांबटाने सुरुवात केली तसे ते आत गेले, घंगाळ घेऊन आले, मांडी घातली आणि त्याच्या लयीत मठार सुरू केला. तांबट गप्प झाला. अण्णा ठोकत राहिले. थोड्या वेळाने तांबटाने पुन्हा तोंड उघडलं, आणि बघते तर त्याचा ठोका बरोबर अण्णांच्या दोन ठोक्यांच्या मधोमध. मिनिटभर हे चाललं असेल. मी संतापले.

"अण्णा! माझा डेटा खराब होतोय!"

"खराब कसा? तो बघ कसा जागा देतोय मला."

"तुमच्या जुगलबंदीला माझ्या तक्त्यात रकाना नाहीये."

"मग काढ की एक रकाना. तक्ता तुझाच आहे ना?"

रकाना मी काढला. त्याला नाव दिलं 'मा', म्हणजे माणूस. ज्या ज्या ठिकाणी माणसाचा आवाज असेल तिथे तो कुठे सुरू झाला, कुठे संपला, ते लिहायचं. पुढे, दोन वेगळे आवाज दिसले की वेगळे नोंदायचे, या माझ्या खोडीप्रमाणे त्याचे मा१ आणि मा२ झाले. मा१ म्हणजे अण्णा. मा२ म्हणजे मी.

आता या रकान्याचं पुढे काय होतं ते सांगायला हवं. आमच्या संस्थेत पक्ष्यांची सगळी ध्वनिमुद्रणं एका ठिकाणी जमा होतात आणि कोणीही संशोधक ती ऐकू शकतो. तेव्हा त्यात माणसांचं खासगी बोलणं असता कामा नये, असा नियम आहे. तो मीच लिहिलेला आहे. बोलणं कापून टाकता येत नाही, कारण कापलं तर वेळ सरकते, आणि लयीचा अभ्यास करणाऱ्याने वेळ सरकवली तर उरलं काय? म्हणून आधी तक्त्यात पक्ष्याचे ठोके आणि माणसाच्या वेळा नोंदायच्या, आणि मग माणसाच्या जागी तेवढ्याच लांबीची शांतता भरायची. सात सेकंद बोलला असेल तर सात सेकंद शांतता. त्यानंतर मूळ फाइल पुसून टाकायची. पुसली नाही तर लोक चुकून तीच जमा करतात. ही शिस्त न पाळणाऱ्या मुलांना मी फाडून खाल्लेलं आहे.

ते काम करताना ऐकावंही लागत नाही. पडद्यावर आवाज चित्रासारखा दिसतो. तांबट म्हणजे सारख्या अंतरावरचे ठिपके. माणूस म्हणजे एकावर एक थरांनी पसरलेल्या आडव्या रेषा. रेषा दिसल्या की चौकट आखायची, मा१ लिहायचं, बटण दाबायचं. सवयीच्या माणसाला तासाभराची फाइल दहा मिनिटांत उरकते.

दोन वर्षं आमची अशी मजेत गेली. मग अण्णांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

बोलणं अगदी गेलं असंही नाही. शब्द आत होते, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. बाहेर यायला त्यांना वेळ लागायचा. एक शब्द, मग मोठी पोकळी, मग कधी दुसरा शब्द, कधी भलताच. अख्खं आणि सरळ येत असे ते एकच, "जाऊ दे." अशा आजारात तोंडात बसलेले शब्द शिल्लक राहतात, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांच्या तोंडात "जाऊ दे" एवढं बसलं असेल असं आम्हांला कधी वाटलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी काहीच जाऊ दिलेलं नव्हतं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई येत. शांत, समंजस बाई. त्या अण्णांना कमी आणि मलाच जास्त शिकवत. "ताई, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. शब्द पुरवू नका. मनात दहापर्यंत मोजा." मी मान डोलवायची. पाखरांच्या दोन ठोक्यांमधला वेळ मोजून माझं पोट भरतं, मला दहा आकडे मोजायला काय झालं? पण मी चारच्या पुढे कधी गेले नाही. तीन आकडे झाले की मी त्यांच्यासाठी शब्द शोधायला लागायची. चौथ्याला मी बोलून मोकळी. पाणी हवंय? पाठ दुखतेय? टीव्ही लावू? त्यांना तसं अडकलेलं बघवत नव्हतं हे खरं. मला वेळ नव्हता हेही तितकंच खरं.

गॅलरीतला कार्यक्रम मात्र आम्ही चालू ठेवला. खुर्चीत बसवून मी त्यांना बाहेर आणायची. ठिकाण, वेळ आता मी सांगायची, आणि सांगून झालं की ते माझ्याकडे बघून मान हलवत, पास केल्यासारखी.

शेवटची सकाळ अशीच होती. शेवटची आहे हे माहीत नव्हतं. तांबट शेंड्यावर बसून चालू झाला होता. अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग माझ्याकडे वळले.

"तुला," ते म्हणाले.

मी थांबले. चारपर्यंत थांबले असेन.

"चहा करू?"

त्यांनी मान हलवली. नाही. "तुला..."

"मला काय? मी गोळी घेतली का विचारताय? घेतली."

नाही. डावा हात वर केला, थांब म्हणतात तसा. "तुला..."

"अण्णा, मला नऊला पोचायचंय. उशीर होतोय असंच ना? निघतेच मी."

ते हसले. त्यांचा एका बाजूचाच गाल हसायचा. "जाऊ दे," म्हणाले. मी आत चहा टाकायला गेले. चहा झाला, तो प्यायलो, मी माइक काढून घेतला आणि गेले कामाला. दुपारी शेजारणीचा फोन आला. दुसरा झटका. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं. मला माणसांत बसवेना. लोक अण्णांबद्दल बोलत होते आणि सगळे हळू आवाजात. आमच्या घरात कोणी इतकं हळू बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी आतल्या खोलीत दार लोटून संगणक उघडला आणि राहिलेल्या फायली उरकायला घेतल्या. आवाज बंद ठेवला, कारण ऐकणं मला झेपलं नसतं. नुसती चित्रं. ठिपके, ठिपके, आडव्या रेषा. चौकट, मा१, बटण. चौकट, मा२, बटण. हात चालत होता. चालत्या हातापुढे डोकं रिकामं होतं आणि तेच मला हवं होतं. पडद्यावर ते अण्णा नव्हते, मा१ होते. दहाव्याच्या आदल्या दिवशी सगळ्या फायली स्वच्छ झाल्या. नियमाप्रमाणे मी मूळ फायली पुसल्या. त्याच दिवशी संस्थेतून कोणीतरी नव्या कामासाठी डिस्क मागायला आलं, ती मी कोरी करून देऊन टाकली.

तेराव्याला जेवणं झाली, पाहुणे पांगले. भाऊ गॅलरीत अण्णांच्या खुर्चीत बसला होता. म्हणाला, "ताई, माझ्याकडे अण्णांचा आवाजच नाहीये गं. आत्ता सगळं शोधलं. फोटो ढीगभर आहेत. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत बोलताना दिसतात, पण त्या माणसाने वरून सनई टाकलीय. एकही क्लिप नाही." मग त्याचा चेहरा एकदम खुलला. "पण तुझ्याकडे असेल ना. तू तर रोज रेकॉर्ड करायचीस."

"शेकड्यांनी आहेत," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. तुम्हांला हे पटणार नाही, पण त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात या दोन गोष्टी जोडल्या गेल्या नव्हत्या.

मी संगणक आणून त्याच्यासमोर ठेवला. पहिली फाइल लावली. सुरुवातीला बारा सेकंद शांतता, मग टुक, टुक, टुक. दुसरी लावली. दहा सेकंद शांतता, मग टुक, टुक. तिसरी. चौथी मी लावलीच नाही.

"मूळ फायली?" भावाने विचारलं.

मी मान हलवली.

"बॅकअप असेलच ना? ताई, तू एवढी पद्धतशीर बाई. बॅकअप नसेल असं होईल का?"

होईल. पद्धतशीर बाईच्याच हातून होईल. गबाळ्या माणसाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एखादी प्रत राहून गेली असती. मी डिस्क परत मागवली, दुरुस्तीवाल्यांकडे नेली. तिच्यावर कोणाच्या तरी बेडकांच्या आवाजांचे थर चढले होते. खाली काही हाती लागलं नाही.

भाऊ तेव्हा एकच वाक्य बोलला. "बाहेरच्या माणसांचं खासगी जपायला निघालीस आणि घरचा माणूस पुसून टाकलास." मग महिनाभर बोलला नाही. त्याचं काय चुकलं? मी त्याच्या जागी असते तर जास्त बोलले असते.

अण्णांचे शब्द मला पाठ आहेत. ती आरडाओरड्याची घोषणा मी आत्ताही जशीच्या तशी लिहून दाखवली. पण आवाज म्हणजे शब्द नव्हेत, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नाही. खाकरल्यानंतर ते जरा थांबत, ते किती? "तांबट एक" यातला 'एक' ते लांबवत, तो कसा? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करते तेव्हा माझ्याच आवाजात ऐकू येतं. रोज थोडं जास्त माझ्या आवाजात.

महिन्याभराने मला तक्त्यांची आठवण झाली. फायलींतून आवाज पुसला होता, पण त्याच्या वेळा तक्त्यात होत्या. अण्णा केव्हा बोलायला लागले आणि केव्हा थांबले, त्या दोन वर्षांतलं आणि आजारपणातलं प्रत्येक बोलणं, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. मी मा१ आणि मा२ समोरासमोर मांडले आणि दोन पक्षी असल्यासारखी मोजणी केली. कोणी कोणाची वाट पाहिली, कोणी मध्ये तोंड घातलं. दुसरं काही करता येत नव्हतं, आणि हे तरी मला येतं.

आजारपणाआधीच्या तक्त्यात आम्ही दोघं चांगले दिसतो. ते बोलतात, मी बोलते, मध्ये इवलीशी फट. एकमेकांवर चढतो ते भांडतानाच. आजारानंतरच्या तक्त्यात मा१ सुरू होतो आणि त्याचं पुरं व्हायच्या आत, त्याच्या पोकळीतच, त्याच्यावर मा२ चढतो. पुन्हा मा१, पुन्हा मा२. पान संपेपर्यंत तेच. एखाद्या विद्यार्थ्याने दोन पक्ष्यांचा असा तक्ता आणला असता तर मी लाल पेनाने लिहिलं असतं, हा संवाद नाही.

शेवटच्या सकाळचा तक्ता मी सगळ्यांत शेवटी उघडला. मा१, तो "तुला." वर मा२. मा१, वर मा२. मा१, वर मा२. मग मा१ छोटासा, तो "जाऊ दे." मग बराच वेळ दोघंही नाहीत. मी आत चहा टाकायला गेले होते तो वेळ. बाहेर फक्त तांबट, एकसारखा.

आणि त्यानंतर मा१. अकरा सेकंद.

मी पुन्हा पाहिलं. चूक नव्हती. मी आत असताना, समोर कोणी नसताना, अण्णा सलग अकरा सेकंद बोलले होते. ज्यांना दोन शब्द जोडता येत नव्हते ते अकरा सेकंद. "तुला"च्या पुढचं वाक्य असेल. त्यांची जुनी घोषणा असेल, विश्रांतवाडी, सकाळचे इतके वाजून इतके. पक्ष्याशी काही बोलले असतील, किंवा नुसतेच शब्द जुळवून पाहिले असतील. मला माहीत नाही. ते रेकॉर्ड झालं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर आठवडाभर ते माझ्याकडे होतं. मी आवाज बंद करून त्याच्याभोवती चौकट आखली होती आणि बटण दाबलं होतं.

त्या अकरा सेकंदांसमोर पक्ष्याचा रकाना पाहिला. रिकामा होता. आधी तांबट एकसारखा चालला होता, नंतरही चालला होता. मध्ये, अण्णा बोलत होते तेवढा वेळ, एकही ठोका नाही. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. वर घार फिरली असेल, फळात तोंड असेल, काहीही असेल. पण मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. पाखराला जमलं ते मला जमलं नव्हतं.

भावाला फोन केला. तो रविवारी सकाळी आला, हिंजवडीहून दीड तास गाडी चालवून, आणि आल्या आल्या गॅलरीत बसला. घंगाळ तिथेच कोपऱ्यात होतं, अर्ध्या अंगावर ठिपके, अर्धं सपाट. मी त्याला तक्ता दाखवला, सगळं सांगितलं. "तुला" सांगितलं, चहा सांगितला. त्याने रागवावं असं मला वाटत होतं. तो रागावला नाही. म्हणाला, "लाव."

"त्यात काही नाहीये रे."

"माहितीय. लाव तू."

एक हेडफोन त्याच्या कानात, एक माझ्या. रस्त्यावरच्या गाड्या, खालच्या नळाचं पाणी, उंबराची पानं, आणि तांबट. टुक, टुक, टुक. मग तो थांबला, आणि लगेच सगळंच एकदम नाहीसं झालं. भरलेली शांतता खऱ्या शांततेसारखी नसते. तिच्यात पान हलत नाही, गाडी जात नाही. अण्णांना शेवटी शेवटी जग असंच ऐकू येत असेल. मी मनात मोजायला लागले. एक. दोन. तीन.

चार झाले तसा भाऊ चुळबुळला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, काहीच ऐकू येत ना—"

"थांब," मी म्हणाले. "अण्णा बोलतायत."